गटारीच्या जेवणाचा नियम

आमच्या घरी गटारीला जेवायला यायचं तर एक नियम होता. पानावर बसण्याआधी त्या वर्षी आपल्या हातून झालेली एक चूक सांगायची. कुठल्या बांधकामावर काय चुकलं, का चुकलं, आणि आता दुसऱ्याने काय करावं. सांगितली की गावठी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी. नाही सांगितली तर वरण-भात, तोही प्रेमाने वाढलेला. हा नियम मी घातला आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले ठेकेदार, मिस्त्री, स्लॅबच्या फळ्या बांधणारे सेंट्रिंगवाले वर्षातून एकदा आमच्या पडवीत येऊन, एकमेकांच्या तोंडावर, आपण कुठे माती खाल्ली ते सांगायचे. दिवस मुद्दाम निवडलेला होता. आषाढातल्या त्या अमावास्येला बांधकामं बंद असतात, भाताची लावणी उरकलेली असते, दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार असतो. माणूस वर्षात तेव्हा जितका सैल असतो तितका पुन्हा होत नाही.

बाबा छोटे ठेकेदार. समाजमंदिरं, विहिरींचे कठडे, रस्त्याच्या मोऱ्या, लोकांची घरं, असली कामं. बांधकामाची पदविका घेऊन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्याबरोबर साइटवर जायला लागले, तेव्हा गावोगाव एकच प्रश्न यायचा, “पोरगा नाय का तुमाला?” बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “हा काय, उभा हाय.” मला ते आवडायचं. बाबांचं मला जवळजवळ सगळंच आवडायचं. एकाच गोष्टीवरून आमचं वाजायचं, ती म्हणजे त्यांचं प्लॅस्टर.

प्लॅस्टर ते फार सुंदर करायचे. मूळचे मिस्त्रीच, हात अजून गेलेला नव्हता. पण काही चुकलं की बाबा ते उकरून बघत नसत, वरून प्लॅस्टर करून टाकत. सगळेच ठेकेदार तसे होते. कोणाचं काय चांगलं झालं ते विचारावं लागत नसे, एसटीच्या खिडकीतून दिसायचं. काय बिघडलं ते मात्र भिंतीच्या आत. त्यामुळे खर्डीला एकाने केलेली चूक वाशिंदला दुसरा पहिल्यापासून करायचा, तितक्याच मन लावून. मला याचा संताप यायचा. शिकायला एवढं सगळं आजूबाजूला पडलेलं असताना माणसं ते पुरून का टाकतात, हे मला कळायचं नाही.

शेणव्याच्या पुढे एका गावात आम्ही समाजमंदिर बांधत होतो. स्लॅब टाकायचा दिवस वैशाखात आला. तो वैशाखातच येतो, कारण तेव्हा शेतात काम नसतं आणि माणसं मिळतात. त्या दिवशी गाव लोटला होता. बायका, म्हातारे, पुढारी, सगळे हातोहात घमेली चढवत होते आणि दुपारी सगळ्यांची एक पंगत. लोकांना वाटतं, स्लॅब ओतला की काम संपलं. खरं तर तिथून ते सुरू होतं. ओल्या सिमेंटला पाणी पाजत राहावं लागतं, पहिल्या आठवड्यात तर डोळ्यांत तेल घालून. नाहीतर ते घाईने सुकतं आणि तडकतं. भाताच्या खाचराला घालतो तसे मातीचे छोटे बांध आम्ही स्लॅबवर घातले, त्यांत पाणी भरलं, वरून पेंढा पसरला, आणि गावातल्या दोन तरण्याताठ्या माणसांवर पाणी मारायचं सोपवून आम्ही वाशिंदच्या कामाला लागलो.

गावात हळद आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. आमच्याकडची हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, लग्न एक वेळ चुकलं तरी चालतं, हळद चुकून चालत नाही. गावात कोणाच्या घरी चूल पेटत नाही. पाहुणे येतात, बँड येतो, मटणाची मोठाली भांडी चढतात. वैशाखात गावची विहीर तळाला गेलेली असते, त्यामुळे टँकर आला तो थेट लग्नघरी रिकामा झाला. पाणी मारणाऱ्या दोघांपैकी एक नवरीचा चुलतभाऊ निघाला आणि दुसरा बँडमध्ये ढोल वाजवणारा. दोघांनाही स्लॅब आठवला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मलाही आठवला नसता. आम्ही पोहोचलो तेव्हा बांध कोरडे होऊन फुटले होते आणि पेंढा कुरकुरत होता. बाबा वर चढले. त्यांनी स्लॅबवर तळवा टेकवला आणि खाली उतरले.

मग त्यांनी त्यांचं नेहमीचं काम केलं. वरच्या भेगांत सिमेंटचं पाणी सोडलं, त्यावर सिमेंटच्या थराचा कोबा केला, खालून छताला नजर लागावी असं प्लॅस्टर आणि वर चुना. पहिल्याच आषाढात भजन चालू असताना मृदंगावर थेंब पडला. लोक चांगले, त्यांनी बाबांना दोष दिला नाही, मृदंग सरकवला. बाबा म्हणाले, पावसाचा तिरपा मारा आहे. मग उघडीप मिळाल्यावर त्यांनी कोब्याचा आणखी एक थर दिला आणि छत पुन्हा रंगवलं.

घरी आल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. “काय झालं ते बाकीच्या ठेकेदारांना तरी सांगा. पुढच्या वैशाखात कोणाचा तरी असाच जाईल.”

“ठेकेदाराची चूक चारचौघांत गेली का पुढला काम दुसऱ्याला जातंय,” बाबा म्हणाले. “तू गप बस गो.”

पुढच्या वैशाखात खर्डीला तसंच झालं. आम्ही रिक्षातून जात होतो. एका ओळखीच्या ठेकेदाराचा नवा स्लॅब दिसला, वर पेंढा घातलेला, आणि त्याच्या समोरच्या अंगणात हळदीचा मांडव. स्लॅबवर चिटपाखरू नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान दुसऱ्या बाजूला वळवली. त्या दिवशी मला त्यांचा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता.

मग ताईच्या घराची गोष्ट आली. माझी मोठी बहीण मुरबाडकडे दिलेली. कौलारू घरात सासरी आली तेव्हापासून पावसाळ्यात रात्री उठून गळतीखाली टोप मांडायचं काम तिचं. घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा सासरचे पत्रे टाकू म्हणत होते. ताई हटून बसली. स्लॅबच पाहिजे. तिने सासऱ्यांना, नवऱ्याला, दिराला, एकेकाला गाठून पटवलं. त्यामुळे तो स्लॅब घराचा नव्हता, तिचा होता. गळला असता तर जन्मभर तिला तेच ऐकावं लागलं असतं, की बघ तुझा हट्ट.

व्याह्याच्या घरचा ठेका घ्यायचा नाही, हे बाबांचं तत्त्व. म्हणून काम गेलं मुरबाडच्या एका ठेकेदाराकडे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते आणि बाबा तरुणपणी एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेले, मग काही काळ भागीदार, मग कशावरून तरी बिनसलेले. एकमेकांशी बोलत नव्हते, पण दुसरा काय बांधतोय यावर दोघांची बारीक नजर असायची. पावसाआधी काकांनी ताईच्या घराचा पाया आणि जोतं पुरं केलं. स्लॅब पुढच्या वैशाखात, दिराच्या लग्नाआधी. म्हणजे वर ओला स्लॅब आणि त्याच अंगणात हळद. ताईने हे मला हौसेने सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी मी मुरबाड गाठलं.

मी काकांना जाऊन भेटले. म्हटलं, लग्नसराईत स्लॅब नको, पाणी मारायला माणूस राहत नाही. काका हसले. “तुझ्या बापाने नाय टाकला शेणव्याच्या अंगाला, वैशाखात? हळद होती त्या गावात, मला सगला कळतं. मी सोता एसटीने जाऊन बघून आलो. एक भेग नाय. त्याला जमलं तं मला जमनार नाय?”

मी तिथेच सगळं सांगू शकले असते. पण बाबांची गोष्ट त्यांच्या माघारी, तीही त्यांच्या जुन्या भागीदाराला, सांगायला माझी जीभ रेटेना. आणि काकांनी ती ऐकलीही नसती. पोरगी बहिणीसाठी काहीतरी रचतेय म्हणाले असते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या प्लॅस्टरवर त्यांचा विश्वास होता.

घरी येऊन मी बाबांना काकांचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. शेवटी म्हटलं, “ताईच्या स्लॅबला भेग पडली ना, तर ती तुमच्या प्लॅस्टरने पाडलेली असेल.” बापाला बोलू नये ते मी बोलले, पण बोलले. बाबा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई मधे पडली नाही. तिने फक्त एवढंच सुचवलं, “गटारीला जेवायला बोलाव सगल्यांना. जेवायला कोन नाय म्हनत नाय.” नियम मी त्याला जोडला. निरोपातच कळवला, म्हणजे नंतर फसवलं असं कोणी म्हणायला नको.

गटारीच्या दुपारी माणसं जमली. निम्मे गंमत बघायला आलेले. काकाही आले, कारण ताईच्या सासऱ्यांनी त्यांना अक्षरशः ओढून आणलं. बाबा पडवीच्या एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला. रश्शाचा वास सुटलेला आणि जो तो आधी दुसऱ्याला पुढे ढकलत होता. शेवटी एकजण म्हणाला, “माझी चूक अशी, का मी अमक्या सरपंचाचा काम घेतला.” सगळे हसले. मी म्हटलं, दुसऱ्याची चूक चालणार नाही, वरण-भात वाढा यांना. तेव्हा लोकांना कळलं की बाई मस्करी करत नाही.

मग एका सेंट्रिंगवाल्याने धीर केला. त्याने एका घराला जिना केला होता, वर पोहोचल्यावर डोकं तुळईला आपटायचं. घरातली माणसं इतक्या वर्षांत वाकायला शिकली होती, पाहुण्यांना टेंगूळ यायचं. एका मिस्त्रीने शौचालयाला आत उघडणारं दार बसवलं होतं, ते लावायचं तर भांड्यावर चढून उभं राहावं लागे. लोक खो-खो हसले, पण मी पाहिलं, हसतानाच दोघा-तिघांनी विचारलं की मग तुळई किती वर घ्यायला पाहिजे होती, आणि दार कुठल्या अंगाला. रस्सा वाढला जात होता. काकांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “माझी चूक, मी इकडं आलो.” मी त्यांच्यापुढे वरणाची वाटी ठेवली.

यजमान म्हणून बाबा शेवटी होते. त्यांनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, उठून जातात. ते बाकी कोणाकडे बघतच नव्हते, फक्त काकांकडे बघत होते.

“समाजमंदिर बघून आलास ना तू,” ते म्हणाले. “प्लॅस्टर बघून आलास. तो प्लॅस्टर खोटा हाय रे. स्लॅब माझा गेला. हळदीच्या पायी सुकला, तडकला, आन मी वरून झाकला. मृदंगावर पानी पडतंय त्या गावात. तू माझ्या पोरीच्या घरावर तसा करू नको.”

काकांनी वरणाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, “म्हनजे मी मुद्दाम एसटी करून तुझा खोटा प्लॅस्टर बघून आलो?” आणि थांबून, “माझा पन गेला. त्याच साली. मुरबाडच्या पल्याड. मला वाटलं, मलाच जमत नाय.” खर्डीचा ठेकेदार मागून हळूच म्हणाला, “माझाही.” तिघांनी एकच चूक केलेली, तिघांनी ती वेगवेगळी पुरलेली, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच नालायक. मला हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागले. काकांची वरणाची वाटी मी उचलली आणि रस्सा वाढला.

त्यानंतर जी चर्चा झाली तिच्यासाठीच मी हा खटाटोप केला होता. कोणी म्हणालं, स्लॅबची तारीख काढताना गावातल्या लग्नतिथी आधी विचारायच्या. कोणी म्हणालं, स्लॅबसाठी पाण्याची पिंपं वेगळी भरून, झाकून ठेवायची, लग्नघरी द्यायची नाहीत. पण हळदीच्या दिवशी पाणी मारायला माणूस कुठला आणायचा? तो दाराचा मिस्त्री भाकरी मोडत म्हणाला, “ज्याचा लग्नघराशी वाकडा हाय, त्याला ठेवायचा. तो हळदीला जायाचाच नाय.” छप्पर उडेल असे लोक हसले. आणि पुढची कित्येक वर्षं दोन्ही तालुक्यांत हाच उपाय चालला, कारण असं एक तरी घर प्रत्येक गावात असतंच.

ताईच्या गावात मात्र तेही नव्हतं. हळद घरातलीच, भावकी सगळी गुण्यागोविंदाने नांदणारी. एखादं भांडण लावून द्यावं का, असा विचार काकांनी खरोखर बोलून दाखवला. स्लॅब ठरल्याप्रमाणे पडला. पिंपं भरून झाकली, बांध घातले, पेंढा घातला. ताई रोज पहाटे वर जाऊन पेंढ्याखाली हात घालून ओल बघायची.

हळदीच्या दिवशी अंगणात बँड लागला. नवरदेवाला हळद लागत होती आणि व्याही म्हणून मानाने पुढे बसायची बाबांची खुर्ची रिकामी होती. ताईच्या सासऱ्यांनी चौकशी सुरू केली. ताई मला घेऊन शिडीने वर गेली. वर धोतर खोचून बाबा होते, गुडघे वर्षभर कुरकुरत असतानाही चढलेले, आणि काका होते. एक पिंपातून बादली भरून देत होता, दुसरा ओतत होता. पेंढा नुसता थबथबलेला. दोघं एकमेकांना शिव्या देत होते, की बांध तिकडून फुटतोय, तुला तेव्हाही बांध घालता येत नव्हता.

“बाबा, खाली व्याही शोधतात तुमाला,” ताई म्हणाली.

“सांग त्यांना,” बाबा म्हणाले, “माझा लग्नघराशी वाकडा हाय.”

ताई पेंढ्यावर बसून हसली, आणि मग हसता हसता रडायला लागली. खाली बँड वाजत होता. बाबांनी रिकामी बादली काकांकडे दिली आणि तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

त्या पावसाळ्यात ताईचा निरोप आला, की टोप सगळे मांडणीवर आहेत. मी तो बाबांना सांगितला. दुसऱ्याच दिवशी ते शेणव्याच्या एसटीत बसले. गावाला त्यांनी खरं कारण सांगितलं आणि पाऊस सरताच समाजमंदिराचा कोबा उकरायला घेतला. काम त्यांच्याकडून कोणी काढून घेतलं नाही. उलट त्याच गावात त्यांना पुढे दोन घरं मिळाली.

गटारीचं जेवण मग वर्षानुवर्षं चाललं. किती गोष्टी तिथे कळल्या ते सांगायला बसले तर रस्सा गार होईल. मे महिन्यात दगडासारखं कडक दिसणारं खाचर जुलैत कसं बुळबुळीत होतं, पाया खणण्याआधी ती जागा एकदा पावसात का बघून यावी, हे एका पडलेल्या कुंपणाच्या भिंतीने आम्हाला शिकवलं. मुरबाडच्या माणसाने ऐकलेलं वाशिंदला उपयोगी पडायचं. सुरुवात दर वर्षी बाबा करायचे, समाजमंदिराच्या गोष्टीने. दर वर्षी ती थोडी वाढायची. शेवटी शेवटी तर पाणी मृदंगावर न पडता भजनी बुवांच्या टकलावर पडायला लागलं होतं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी बाबा गेले. पुढच्या एका उन्हाळ्यात मुरबाडच्या आतल्या एका गावात मी काम घेतलं. मिस्त्री नवा होता, मला ओळखत नव्हता. मी स्लॅबची तारीख काढली तशी तो म्हणाला, “म्याडम, आधी गावात हळद कधी ते विचारू. आमच्याकडं सांगतात, एक ठेकेदार होता, लय हुशार. सोता व्याही असून हळदीला बसला नाय. स्लॅबवर पानी मारीत ऱ्हायला. त्याला म्हाईत होता, स्लॅब कसा जातो ते.”

“कसं माहीत होतं?” मी विचारलं.

“हुशार होता ना,” तो म्हणाला.

मला भरून आलं, आणि लगेच रागही आला. लोकांनी प्रेमाने बाबांच्या गोष्टीला प्लॅस्टर करून टाकलं होतं. त्यांची चूकच तिच्यातून गेली होती, आणि ती सांगायला त्यांना किती जड गेलं होतं ते माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

“माझा बाप होता तो,” मी म्हटलं. “आणि अर्धीच गोष्ट सांगताय तुम्ही.”

मिस्त्रीने कामावरच्या माणसांना हाक मारली. ते थाप्या, घमेली खाली ठेवून जमले, आणि मी ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली, मृदंगासकट.